हक्काचें धान्य घरापर्यंत कसें पोंचेल?

(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, ज्या शहरांत सरकारी गोदामें धान्यानें भरलेलीं असतात, त्याच शहरांत एखाद्या घरची चूल दिवसांतून एकदांच पेटते, ही गोष्ट आजहि घडते. गोदाम आणि चूल यांमधील अंतर पुष्कळदां फार थोडें असतें. एखादा दाखला मिळत नाहीं, यादींत नांव चढत नाहीं किंवा यंत्रावर अंगठा उमटत नाहीं, एवढ्यावरच सारें अडून बसतें. हें अंतर कशामुळें पडतें आणि तें कमी करण्याच्या कामीं सुशिक्षित कुटुंबांना काय करतां येईल, याचा आज आपण विचार करूं.

आपल्या देशांतील अन्नाचा प्रश्न नेहमींच या स्वरूपाचा नव्हता. 1943 सालीं बंगालमध्यें लाखों माणसें अन्नावांचून मेलीं. त्याच वर्षाच्या मे महिन्यांत मुंबई शहरांत शिधावाटप सुरू झालें, आणि एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांना ही पद्धति लागू करावी, अशी शिफारस सरकारनें नेमलेल्या समितीनें त्याच सालीं केली. त्या वेळीं थोडें धान्य पुष्कळ तोंडांत वांटावयाचें होतें. म्हणून श्रीमंत आणि गरीब या दोघांनाहि शिधापत्रिका लागे. पुढें 1965 मध्यें भारतीय अन्न महामंडळ स्थापन झालें, गहूं व तांदूळ यांचें पीक वाढलें आणि गोदामें भरूं लागलीं. 1997 सालीं सरकारनें नवें धोरण स्वीकारलें. सर्वांना सारखा शिधा देण्याऐवजीं दारिद्र्यरेषेखालील आणि वरील असे कुटुंबांचे दोन वर्ग करण्यांत आले. तेव्हांपासून धान्य किती आहे यापेक्षां यादींत कोण आहे, या प्रश्नाला अधिक महत्त्व आलें.

या स्थितींतील विसंगति 2001 सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें मांडली गेली. राजस्थानांत दुष्काळ होता, आणि त्याच राज्यांत सरकारी गोदामांतून धान्याच्या थप्प्या पडून होत्या. लोकांचे नागरी हक्क जपणाऱ्या एका संस्थेनें अर्ज केला आणि न्यायालयानें 28 नोव्हेंबर 2001 रोजीं हुकूम दिला कीं, अन्नाच्या ज्या योजना चालू आहेत त्या यापुढें लोकांचे हक्क समजावे. शाळेंत मुलांना कच्चें धान्य न देतां शिजविलेलें जेवण द्यावें, हेंहि त्याच हुकुमांतील कलम होय. सरकारच्या दयेवर अवलंबून असलेली गोष्ट मागून घेण्याजोगी झाली, हा बदल लहान नव्हता. त्याचेंच पुढील पाऊल म्हणजे 2013 सालचा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा.

हा कायदा काय देतो, तें नीट समजून घेतलें पाहिजे. ग्रामीण भागांतील शेंकडा 75 पर्यंत आणि शहरी भागांतील शेंकडा 50 पर्यंत लोक त्याच्या कक्षेंत येतात. सबंध देशाचा हिशेब केला तर ही संख्या 81 कोटींच्या वर जाते. त्यांत दोन वर्ग आहेत. पहिला ‘प्राधान्य कुटुंबां’चा. या वर्गांत माणशीं दरमहा 5 किलो धान्य मिळतें. दुसरा ‘अंत्योदया’चा, म्हणजे अगदीं निर्धन कुटुंबांचा. येथें माणसें कितीहि असोत, कुटुंबाला 35 किलो मिळतात. एकट्या राहणाऱ्या वृद्ध विधवेला अंत्योदयाची पत्रिका केवढा आधार देते, हें यावरून दिसेल. उलट आठ माणसांचें कुटुंब प्राधान्य वर्गांत असेल तर त्याला 40 किलो मिळतात आणि अंत्योदयांत असेल तर 35 च; म्हणून वर्गाच्या नांवापेक्षां घरांतील माणसें मोजून हिशेब करणें शहाणपणाचें असतें. कायद्यानें तांदळाला किलोमागें 3, गव्हाला 2 व भरड धान्याला 1 रुपया असा अधिकांत अधिक भाव ठरविला होता. जानेवारी 2023 पासून हें धान्य पूर्णपणें मोफत करण्यांत आलें आणि 1 जानेवारी 2024 पासून पुढें पांच वर्षे तें तसेंच ठेवण्याचें सरकारनें जाहीर केलें. तेव्हां या धान्याबद्दल कोणी दुकानदार भाव मागत असेल तर तो गैर मागत आहे, एवढें ज्ञानहि गरिबाच्या हातीं मोठें शस्त्र ठरतें.

या कायद्यांतील आणखी दोन तरतुदी फार थोड्या लोकांना ठाऊक आहेत. घरांतील अठरा वर्षांवरील सर्वांत वडील स्त्री ही शिधापत्रिकेच्या दृष्टीनें कुटुंबप्रमुख समजावी, असें त्यांत लिहिलें आहे. दुसरें असें कीं, हक्काचें धान्य मिळालें नाहीं तर त्याबद्दल रोख भत्ता मागण्याचा अधिकार कुटुंबाला आहे. धान्य आलें नाहीं, पुढच्या महिन्यांत पाहूं, असें म्हणून परत लावण्याची मुभा कायदा कोणाला देत नाहीं.

मग एवढी तरतूद असून माणसें बाहेर कां राहतात? याचीं चार कारणें मुख्य आहेत.

पहिलें कारण यादीच्या मर्यादेचें. महाराष्ट्रांत हा कायदा 1 फेब्रुवारी 2014 पासून लागू झाला आणि सुमारें 7 कोटि लोकांची संख्या राज्याला ठरवून मिळाली. ग्रामीण भागांत शेंकडा 76 हून किंचित् अधिक आणि शहरांत शेंकडा 45 हून किंचित् अधिक, असें तें प्रमाण आहे. ही संख्या 2011 च्या जनगणनेवर बसविलेली आहे. त्यानंतरची जनगणना 2021 सालीं व्हावयाची ती वेळेवर झाली नाहीं. दरम्यान मुलें जन्मलीं, लग्नें झालीं, खेड्यांतून माणसें शहरांत आलीं. परंतु यादीचें माप पूर्वीचेंच राहिलें. उत्पन्नाच्या मर्यादेचेंहि असेंच झालें. कायदा लागू करतांना प्राधान्य वर्गासाठीं शहरांत कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न 59,000 रुपयांपर्यंत आणि ग्रामीण भागांत 44,000 रुपयांपर्यंत असावें, असें राज्यानें ठरविलें. बारा महिन्यांनीं भागून पाहिलें तर शहरांतील मर्यादा महिन्याला पांच हजारांनाहि भिडत नाहीं. दोन घरीं धुणींभांडीं करणारी बाई आणि बिगारीचें काम करणारा तिचा नवरा यांची मिळकत प्रामाणिकपणें लिहिली तर तीं दोघें या रेषेच्या वर जातात. म्हणजे खरें सांगणाऱ्याला धान्य नाहीं, आणि धान्य पाहिजे तर खोटें लिहावें, असा पेंच गरिबापुढें उभा राहतो.

दुसरें कारण कागदपत्रांचें. पत्रिकेंत नांव घालावयाचें म्हणजे राहण्याचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, आधार क्रमांक हीं सर्व जमवावीं लागतात. भाड्याच्या खोलींत राहणाऱ्याला घरमालक करारपत्र लिहून देत नाहीं. पुलाखालीं किंवा बांधकामाच्या जागेवर राहणाऱ्याचा पत्ता कोणी मानीत नाहीं. सासरीं आलेल्या सुनेचें नांव माहेरच्या पत्रिकेंतून कमी झाल्याचा दाखला आल्याशिवाय सासरच्या पत्रिकेंत चढत नाहीं. माहेर दूरच्या जिल्ह्यांत असलें म्हणजे महिनेच्या महिने जातात, आणि त्या अवधींत तिच्या वांट्याचे 5 किलो दोहों घरींहि येत नाहींत. यांतच ती गरोदर असली तर या दिरंगाईचा भार कोणावर पडतो, हें सांगावयास नको. शिवाय कचेरींत एक खेप म्हणजे रोजंदारीवरील माणसाचा एक दिवस बुडणें. तीन खेपांची मजुरी आणि महिन्याचें धान्य यांची तो मनांत तुलना करतो आणि अखेर नाद सोडून देतो. अशा माणसास आपण आळशी म्हणतों. वास्तविक त्यानें हिशेब केलेला असतो.

तिसरें कारण यंत्राचें. दुकानांत आतां अंगठ्याचा ठसा पाहून धान्य देणारें यंत्र असतें. त्यापासून लाभहि झाला आहे. दुसऱ्याच्या नांवावर धान्य उचलणें अवघड झालें, आणि कोणत्या महिन्यांत कोणीं काय घेतलें याची नोंद राहूं लागली. परंतु ज्यांचीं बोटें विटा उचलून, राख लावून भांडीं घासून किंवा केवळ वयोमानानें झिजलीं, त्यांच्या रेषा यंत्राला ओळखतां येत नाहींत. कोठें तारेचा संबंध तुटतो, कोठें आधार क्रमांक जोडतांना एक अक्षर चुकलेलें असतें. 2017 सालीं झारखंडांतील सिमडेगा जिल्ह्यांत एक अकरा वर्षांची मुलगी मरण पावली. ती भुकेनें गेली असें घरच्यांनीं सांगितलें. अधिकाऱ्यांनीं हिवतापाचें कारण दिलें. तथापि आधारशीं जोडलेली नाहीं म्हणून त्या कुटुंबाची पत्रिका रद्द झाली होती आणि कांहीं महिने त्या घरीं शिधा आला नव्हता, ही गोष्ट पुढें आली. त्यानंतर त्याच वर्षीं केंद्र सरकारनें राज्यांना लिहून कळविलें कीं, केवळ आधार नाहीं किंवा ठसा जुळत नाहीं एवढ्या कारणास्तव कोणाचें नांव कमी करूं नये व कोणास धान्य नाकारूं नये. हा आदेश दुकानदाराला माहीत नसेल तर गिऱ्हाइकाला तरी माहीत असला पाहिजे.

चौथें कारण स्थलांतराचें. बीड जिल्ह्यांतील कुटुंब ऊसतोडणीसाठीं पांच-सहा महिने कोल्हापुराकडे किंवा कर्नाटकांत जातें. बिहारांतील सुतार ठाण्यास येऊन राहतो. पूर्वीं पत्रिका एका दुकानाला बांधलेली असे. माणूस हलला कीं शिधा गांवींच राही. 2020 च्या टाळेबंदींत रस्त्यांवरून पायीं निघालेले लोक आपण सर्वांनीं पाहिले. त्यांतील अनेकांच्या नांवावर कोठें तरी पत्रिका होती, पण जेथें ते होते तेथें ती चालत नव्हती. यावर उपाय म्हणून एक देश, एक शिधापत्रिका ही योजना ऑगस्ट 2019 मध्यें चार राज्यांत सुरू झाली होती. आंध्र व तेलंगण अशी एक जोडी, आणि महाराष्ट्र व गुजरात ही दुसरी. जून 2022 पर्यंत ती सर्व राज्यांत पसरली. तिच्यामुळें अन्न सुरक्षा कायद्याखालील पत्रिका देशांतील कोणत्याहि रास्त भावाच्या दुकानांत चालते. नव्या पत्रिकेची जरूर नसते. क्रमांक सांगून अंगठा दिला कीं झालें. ठाण्याच्या सुतारानें येथें आपल्यापुरतें धान्य उचललें आणि गांवीं राहिलेल्या बायकोमुलांनीं तेथें उरलेलें घेतलें, असेंहि करतां येतें. सोय उत्तम आहे. परंतु ज्यांच्यासाठीं ती केली त्यांतील पुष्कळांच्या कानांवर ती अजून गेलेली नाहीं.

या सर्व अडचणींच्या मुळाशीं एक विचार आहे, तोहि तपासून पाहूं. सरकारी मदतींत दोन प्रकारच्या चुका होतात. ज्याला गरज नाहीं त्याला ती मिळते, ही एक. आणि ज्याला गरज आहे त्याला ती मिळत नाहीं, ही दुसरी. सुशिक्षित समाजाला पहिल्या चुकीचा संताप फार येतो. खोट्या पत्रिकांच्या बातम्या आपण चवीनें वाचतों आणि नियम अधिक कडक करा म्हणून सांगतों. परंतु सूप जोरानें पाखडलें कीं कोंड्याबरोबर दाणेहि उडून जातात. झारखंडांत अर्थशास्त्रज्ञांनीं ठसा-पद्धतीची पाहणी केली, तेव्हां ज्यांचे आधार क्रमांक आधीं जोडलेले नव्हते अशा कुटुंबांना मिळणारें धान्य घटल्याचें आढळलें; गळती मात्र केवळ ठशामुळें थांबल्याचें दिसून आलें नाहीं. पहिल्या चुकींत सरकारचे पैसे जातात. दुसऱ्या चुकींत एखाद्या मुलाच्या वाढीचीं वर्षे जातात, आणि तीं मागाहून भरून देतां येत नाहींत.

मग गळती थांबवावी कशी? याचें उत्तर आपल्याच देशांत सांपडतें. छत्तीसगडनें 2004 सालीं रास्त भावाचीं दुकानें खाजगी व्यापाऱ्यांकडून काढून ग्रामपंचायती, सहकारी संस्था व स्त्रियांचे बचत गट यांच्याकडे सोंपविलीं. धान्य सरकारी गाड्यांनीं थेट दुकानापर्यंत पोंचवूं लागले, हिशेब संगणकावर आला आणि लाभ घेणाऱ्या कुटुंबांची संख्याहि वाढविण्यांत आली. 2004-05 मध्यें तेथें निम्म्याच्या आसपास धान्य वाटेंत नाहींसें होई. 2009-10 पर्यंत हें प्रमाण दहांत एक भागापर्यंत उतरलें, असा अर्थशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. तामिळनाडूनें तर मुळांत गरीब-श्रीमंत अशी निवडच न करतां सर्वांना पत्रिका दिल्या, आणि तेथील बहुतेक दुकानें सहकारी संस्था चालवितात. ज्या दुकानांत पुष्कळांचा वांटा असतो त्या दुकानावर पुष्कळांचे डोळेहि असतात. यादी लहान करून चोरी थांबत नाहीं. दुकान आणि वाहतूक सुधारून थांबते, हा या दोन राज्यांचा अनुभव.

शिधापत्रिकेशीं ज्यांचा संबंधच नाहीं, अशाहि दोन सोयी आहेत. 1975 सालीं सुरू झालेल्या अंगणवाडींत सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतचीं मुलें, गरोदर स्त्रिया आणि अंगावर पाजणाऱ्या माता यांना पोषक आहार मिळतो. लहानग्यांसाठीं तो घरीं नेण्याचा असतो. तीन वर्षांवरील मुलांना तेथेंच गरम जेवण देतात. दुसरी सोय शाळेंतील जेवणाची. सरकारी व अनुदानित शाळांत पहिलीपासून आठवीपर्यंतच्या मुलांना दुपारचें जेवण मिळतें. या दोन्ही ठिकाणीं उत्पन्नाची अट नाहीं आणि पत्रिकेचा रंग कोणी पाहत नाहीं. शेजारीं इमारत उठत असते, तेथें मजुरांचीं मुलें वाळूच्या ढिगावर खेळत असतात. जवळची अंगणवाडी कोठें आहे, एवढें त्यांच्या आईला सांगितलें तरी पुष्कळ काम होतें.

आतां आपल्याकडून काय होण्यासारखें आहे, तें थोडक्यांत सांगतों.

पहिली गोष्ट विचारण्याची. आपल्या घरीं स्वयंपाकाला, धुण्याभांड्याला येणारी बाई, इमारतीचा पहारेकरी, गाडी धुणारा मुलगा यांना शिधापत्रिका आहे कीं नाहीं, कोणत्या वर्गाची आहे, तींत घरांतील सर्वांचीं नांवें आहेत कीं नाहींत, हें आस्थेनें विचारावें. परप्रांतांतील माणसाला गांवची पत्रिका येथें चालते हें सांगावें. नांव कमी केल्याचा दाखला, नव्या बाळाची नोंद, आधारची दुरुस्ती हीं कामें लिहितां-वाचतां येणाऱ्याला एका संध्याकाळचीं असतात. मुंबई-ठाण्याच्या भागांत शिधावाटप कार्यालयाकडे, पुणें व नागपूर शहरांत अन्नधान्य वितरण अधिकाऱ्याकडे आणि इतरत्र तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेकडे अर्ज करावा, ही माहिती जवळ ठेवावी.

दुसरी गोष्ट सवडीची आणि कागदाची. कचेरींत जावयाच्या दिवशीं पगार न कापतां सुटी द्यावी. आपण दिलेल्या पगाराचा खरा दाखला लिहून द्यावा. खोली भाड्यानें दिली असेल तर करारपत्र करून द्यावें. यांत दानधर्म कांहींच नाहीं. ज्याचें त्याला मिळण्याच्या वाटेंतून आपण बाजूला होणें, एवढाच त्याचा अर्थ आहे.

तिसरी गोष्ट नांव सोडण्याची. यादीला मर्यादा आहे हें वर सांगितलेंच. तेव्हां पूर्वीं गरिबींत मिळालेली पत्रिका घरांत सुबत्ता आल्यावरहि जो चालू ठेवतो, तो सरकारचें धान्य घेतो एवढेंच नव्हे, तर रांगेंत उभ्या असलेल्या एका कुटुंबाची जागा अडवून ठेवतो. अशा कुटुंबांनीं आपण होऊन लाभ सोडण्याची सोय महाराष्ट्रांत आहे. तिचा उपयोग अवश्य करावा, आणि नातेवाइकांनाहि करावयास सांगावें.

चौथी गोष्ट तक्रारीची. तक्रार म्हणजे भांडण नव्हे. 1967 या क्रमांकावर दूरध्वनि करतां येतो. कायद्यानें प्रत्येक जिल्ह्यास तक्रार निवारण अधिकारी आणि प्रत्येक राज्यास अन्न आयोग दिला आहे. त्या अधिकाऱ्यानें सांगितलेला उपाय एखाद्या सरकारी नोकरानें सबळ कारणावांचून केला नाहीं, तर त्याला 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. दुकानांवर देखरेख ठेवणाऱ्या दक्षता समित्याहि कायद्यांतच आहेत. त्या कागदावर राहतात याचें एक कारण असें कीं, हिशेब समजणारीं माणसें त्यांकडे फिरकत नाहींत. गरीब माणसाची तक्रार तोंडी असते, म्हणून ती हवेंत विरते. तीच तारीख, वार व दुकानाचा क्रमांक घालून लिहिली आणि पोंच घेतली कीं तिला उत्तर द्यावें लागतें.

अखेरची गोष्ट मताची. उत्पन्नाची मर्यादा जुनी झाली, लोकसंख्येचा आधार जुना झाला, या गोष्टी एकट्या-दुकट्याच्या मदतीनें सुटणाऱ्या नाहींत. स्थलांतरित मजुरांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें 2021 सालीं ही संख्या नव्यानें ठरविण्याचें काम हातीं घ्यावें, असें केंद्र सरकारला सांगितलें होतें. अशा मागणीच्या मागें लोकमत उभें असावें लागतें, आणि लोकमत बव्हंशीं सुशिक्षित घरांतच आकार घेतें. फुकट धान्यानें माणसें आळशी होतात, असें आपल्याकडे सहज बोललें जातें. महिन्याला माणशीं 5 किलो म्हणजे दिवसाला पावणेदोनशे ग्रॅमहि धान्य होत नाहीं. तेवढ्यावर कोणी बसून खाईल हें संभवत नाहीं. परंतु त्या धान्यामुळें वांचलेल्या पैशांतून डाळ, तेल, एखाद्या दिवशीं दूध किंवा मुलाची वही येते. काम करणाऱ्या माणसाच्या ताटांतील एवढा भाग निश्चित असला, तर बाकीचा तो आपल्या श्रमांनीं मिळवितो. तो भाग त्याला ठरल्या दिवशीं, पुरत्या वजनानें आणि मान खालीं न घालतां मिळावा, एवढ्यासाठीं आपल्यापैकीं प्रत्येकानें या महिन्यांत निदान एका कुटुंबाची पत्रिका नीट करून द्यावी, अशी विनंति करून मी आपली रजा घेतों.